फुफाजी फोन उचलत नाहीत

फुफाजींना फोन लावला की ते उचलत नसत. फोन हातात असे, त्यावर आपलं नाव झळकत असे, तरी उचलत नसत. ही त्यांची पाहुणचाराची रीत होती. आलेल्या माणसाला आपण दारातच कामाचं विचारतो का? आधी पाणी देतो, मग चहा. तसं फुफाजी आधी गाणं ऐकवत. त्यांच्या नंबरावर सिनेमातल्या गाण्याची कॉलर ट्यून होती. ती वाजून वाजून फोन आपोआप कटला की मग ते स्वतः लावत आणि विचारत, "आयकला का?"

या गाण्यानं अख्ख्या गोरेगाव तालुक्याचा खोळंबा केला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकानं फुफाजींचा ट्रॅक्टर मागायला फोन लावला, बांधावर उभा राहून गाणं ऐकत राहिला आणि तोवर शेजारच्या बांधीतल्या धानाला लोंब्या आल्या, असं मी आठवडी बाजारात छातीवर हात ठेवून सांगत असे. लोक खो खो हसत. फुफाजी सगळ्यांत जास्त हसत आणि म्हणत, "लबाड हाय बे तू. लोंब्या कुठल्या? धान अजून पोटरीवर होता."

ते आमच्या गावचे घरजावई. त्यांची बायको, गावाची आत्या, इथली; ते सालेकशाकडचे. आत्याचा नवरा म्हणून गाव त्यांना फुफाजी म्हणू लागलं आणि मग कोणी थांबलंच नाही. सरपंच फुफाजी म्हणे, सरपंचाचा बाप फुफाजी म्हणे, गोंदियाहून येणारा हिंदी बोलणारा धान-व्यापारीही त्यांना पाहून "नमस्ते फुफाजी" करी. मग आत्या गेली. गावाला आणि त्यांना बांधणारी तीच होती. ती गेली आणि नुसती हाक उरली. एकदा पारावर बसल्याबसल्या ते म्हणाले, "गावात मी सगळ्याइचा फुफा हाय. माह्यावाला मात्र कोणी नाही."

गाणं आत्याचं होतं. टीव्हीवर लागलं की ती चुलीवरचा भात सोडून येई. गाण्यात नायिका डोंगरावर नाचायची आणि दर कडव्याला नवं लुगडं नेसायची. आत्या कमरेवर हात ठेवून विचारी, "बाई, हिचे एवढे लुगडे धुते तरी कोण?" आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिथून हलत नसे. आमच्या गावानं त्या गाण्यापायी जितका करपलेला भात खाल्ला, तितका बोदलकशाच्या तलावात गाळ नसेल.

आत्या गेल्यावर फुफाजींनी ट्यून लावली खरी, पण ऐकणार कोण? फुफाजींना फोन येणार तरी कोणाचा? म्हणून ते मिसकॉल देत. सकाळी दात घासताना, दुपारी ताटावर बसताना, एक रिंग देऊन कट. आपण काळजीनं उलट लावावा, तर गाणं. माझी बायको म्हणायची, "तुमच्या फुफाजींना एकदाचं रेडिओवर भरती करा."

त्या गाण्याची एकच अडचण होती. ज्याची ट्यून, त्याला ती ऐकू येत नाही. म्हणून कधी कधी दुपारी ते आमच्या ओट्यावर येत. "दे तुहा मोबाइल." माझ्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावत आणि डोळे मिटून ऐकत बसत. तिकडे त्यांच्या शर्टाच्या खिशात त्यांचा स्वतःचा फोन गुरगुरत राही. बायकोनं एकदा गमतीनं विचारलं, "फुफाजी, कोणाचा फोन आहे? उचला ना!" ते म्हणाले, "माहाच हाय. वाजू दे."

त्यांचा मुलगा राजू पुण्याला कंपनीत. एका रविवारी त्याचा मला फोन आला. "दादा, बाबा फोन उचलत नाहीत, उलट लावतही नाहीत. कितीदा लावला. जरा बघता का?" मी असा धावलो की वाटेत दोन मोटारसायकली मागे पडल्या. एक बंद पडलेली होती, ते सोडा. घरात शिरलो तर फुफाजी खाटेवर बसलेले, फोन मांडीवर वाजतोय आणि चेहरा असा की दिवाळी आली.

"पाह्य, राजू घडीघडी लावून रायला," ते म्हणाले. "मायचं गाणं वळखलं त्यानं."

"फुफाजी, तो घाबरून रायला. तुमाले काही झालं वाटते त्याले."

फोन कटला. फुफाजींनी तो खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "मंग गाणं आयकलंच नाही त्यानं?"

राजू दोन दिवसांत आला. चिडला, रडला, ट्यून बंद केली आणि बापाला पुण्याला घेऊन निघाला. गोरेगावच्या एसटी स्टँडवर फुफाजी खिडकीशी बसले होते. "आता कोणी लावला तं नुसती घंटी," ते म्हणाले. "रिकाम्या घराचं दार ठोकल्यावाणी."

पुण्यात ते पहिल्या घंटीला फोन उचलू लागले. मी विचारी, "जेवले?" "जेवलो." "काय चालू हाय?" "काही नाही." मुलगा-सून कामावर, दार लावलेलं, आणि मला, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

मग एकदा राजूनं विचारलं, "दादा, बाबा घरात बोलतच नाहीत. ते गाणं कोणतं होतं हो? मी कधी नीट ऐकलंच नाही." मी सांगितलं. आत्याचं सांगितलं, लुगड्यांचं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, फुफाजींचा फोन आला.

"राजूनं स्वताच्या नंबरावर लावलं गाणं," ते म्हणाले. "मी दुपारी त्याले लावतो. पुरं वाजते. तो उचलत नाही." मग विचारलं, "कामात असंल का बे? का मुद्दाम नाही उचलत?"

राजूची दुपार कशी जाते, मला ठाऊक होतं. एकामागून एक मीटिंग, फोन आवाज बंद करून टेबलावर पालथा.

"मुद्दामच, फुफाजी," मी म्हटलं. "तुमाले आयकवून रायला."

"मलेबी तसंच वाटते," ते म्हणाले. "ठेव मंग. त्याले लावतो."