जिथं ऊन पडत नाही

सर दुकानात आले की बसण्याआधी खिशातून रुमाल काढायचे आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन पुसायचे. डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टी, घाई न करता. पहिल्या दिवशी मला ते जरा लागलंच. म्हटलं, सकाळीच पुसलाय मी.

"तुमची चूक नाही भाऊ," ते म्हणाले. "पण इथला धुळीचा कण मला तिथला खड्डा वाटतो. मग मी उगाच त्याच्याकडंच बघत बसतो."

"तिथला" म्हणजे चंद्रावरचा, हे मला दोन-तीन दिवसांनी कळलं.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं इंटरनेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन. लोक रिझल्ट बघायला यायचे, नोकरीचे फॉर्म भरायला यायचे. चंद्र बघायला येणारा माणूस एकच. दुपारी तीनला ते यायचे, कारण त्या वेळी त्यांची आई झोपायची आणि शेजारच्या मावशी तिच्याजवळ बसायच्या. बरोबर चारला उठायचे. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. वय पन्नाशीच्या थोडं पुढं.

त्या काळात आमच्याकडं इंटरनेट म्हणजे नळाला येणारं पाणी. एक फोटो उघडायला दहा-दहा मिनिटं. वरून खाली एकेक रेघ उतरायची. सरांचे फोटो तर काळेच असायचे. एकदा मी मागून पाहिलं, अर्धा स्क्रीन नुसता काळा. मला वाटलं फाइल बिघडली. म्हटलं, सर, पुन्हा लावून देऊ का?

त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, काळं पूर्ण उतरू द्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. चंद्राच्या टोकांजवळ, म्हणजे ध्रुवांजवळ, काही विवरं अशी आहेत की सूर्य तिथं कायम क्षितिजाला टेकून फिरतो. विवराच्या काठावर ऊन असतं, तळाशी कधीच पोचत नाही. कोट्यवधी वर्षं तिथं ऊन पडलेलं नाही. मी विचारलं, मग फोटो कशाचा काढायचा? त्यावर त्यांनी मला माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीकडं बघायला लावलं. त्या खोलीला खिडकी नव्हती, एक दार तेवढं. तरी रद्दीचे गठ्ठे दिसत होते, कारण दारासमोर शेजाऱ्याची चुन्याची भिंत होती आणि तिच्यावर दुपारचं ऊन होतं.

"त्या भिंतीचं उसनं ऊन," सर म्हणाले. "विवराच्या काठाचंही तसंच. थोडं खाली सांडतं. तेवढ्यात फोटो काढता येतो. कॅमेऱ्याचा डोळा नेमका किती वेळ उघडा ठेवायचा, एवढाच प्रश्न. कमी ठेवला तर काळं. जास्त ठेवला तर यान तोवर पुढं सरकतं, सगळं फरफटतं."

हा "एवढाच प्रश्न" त्यांनी अनेक वर्षं सोडवत काढला होता. दूरच्या एका शहरात, एका मोठ्या सरकारी संस्थेत, चंद्राभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यांच्या हिशेबाचं काम करायचे. आपल्या देशाचं यान जायला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना त्यांनी नोकरी सोडली आणि इकडं आले. गावात लोक काहीही बोलत. कुणी म्हणे काढून टाकलं, कुणी म्हणे बायकोशी पटत नाही. चहाच्या टपरीवर असं बोलणं ऐकत तुम्हीही कधी उभे राहिला असाल. मीही राहिलो होतो, खोटं कशाला सांगू.

खरं काय ते त्यांच्या घरी गेलो तेव्हा समजलं. डॉक्टरांच्या कागदाची प्रिंट द्यायला गेल्तो. त्यांची आई बाजेवर बसली होती. पांढरेशुभ्र केस, हातात रिकामा वाडगा. सर तिला वरण-भात भरवत होते. ती मध्येच थांबली, त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तुमचं गाव कोनतं म्हनलात?"

"टेंभुर्णी," सर म्हणाले.

"आमचं बी टेंभुर्णीच," म्हातारी खूश झाली. "जेवून जाजा मंग."

आई मुलाला विसरली होती. शहरात नेलं होतं तिला. तिथं ती रोज दार उघडून गावाकडं निघायची. एकदा पूर्ण दिवस सापडली नाही. पत्नीची तिथं शाळेत नोकरी, मुलगा बारावीला. मग सरांनी ठरवलं की आपणच जायचं. टेंभुर्णीत डॉक्टरची सोय नाही, म्हणून बदनापुरात घर घेतलं भाड्याने. इथून जालन्याला रेल्वेने पटकन नेता येतं. हे सगळं त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

आपलं यान चंद्राभोवती फिरायला लागलं त्या आठवड्यात गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांना कुणीतरी सरांबद्दल सांगितलं. सरांना भाषणाला बोलावलं. ते तयार नव्हते, मीच गळ घातली. हॉल भरला होता. सर पहिली पाच मिनिटं अडखळले, मग खडू हातात घेतला आणि फळ्यावर विवर काढलं. त्यानंतर जो माणूस बोलत होता, तो मी दुकानात कधी पाहिला नव्हता. आवाज मोकळा झालेला, खांदे सरळ. तेवढ्यात मावशी धापा टाकत दारात आल्या. त्यांचा जरा डोळा लागला आणि म्हातारी निघून गेल्ती.

सरांनी वाक्य पूर्ण केलं नाही. खडू टेबलावर ठेवला आणि उतरले. आम्ही दोन बाजूंनी शोधायला निघालो. ती स्टेशनवर सापडली, फलाटाच्या टोकाच्या बाकावर, पदर नीट घेऊन बसलेली. सर तिच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, चल माय, घरी.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "माझा लेक येनार हाय गाडीनं. त्याची वाट पाहून राह्यले."

मला वाटलं आता ते तिला समजावतील, हाताला धरून उठवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तिच्या शेजारी बसले. मीही थोड्या अंतरावर बसलो. औरंगाबादकडून एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. म्हातारीने प्रत्येक चेहरा पाहिला. सरही बघत होते, जणू खरंच कुणी उतरणार आहे. दुसरी गाडी येऊन गेल्यावर तिने मान हलवली. सर हळूच म्हणाले, उद्या येईल तो. मग ती उठली, आणि जाताना त्यांचा हात धरून चालली. पायऱ्या उंच होत्या म्हणून.

भाषण तेवढंच राहिलं. हेडमास्तरांनी नंतर पुन्हा विचारलं, सरांनी नको म्हटलं.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी ते फोटो बघता बघता एकदम उभे राहिले. दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या यानाने काढलेला फोटो होता. विवराचा काठ पांढरा, आणि आत, जिथं आजवर नुसतं काळं दिसायचं, तिथं करडा उतार दिसत होता. तळ दिसत होता. तळावरचे लहान-मोठे खड्डेसुद्धा. सरांनी खिशातून एक घडीचा कागद काढला, फोटोखालची माहिती वाचली, कागदावर पूर्वी स्वतः मांडलेला वेळेचा आकडा पाहिला. पुन्हा फोटो, पुन्हा कागद. मी विचारलं, काय झालं?

"माझा अंदाज जवळपास बरोबर होता," ते म्हणाले.

दुकानात आम्ही दोघंच. बाहेरून टमटम गेली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि हलवला. त्यांनीही हलवला. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या कामाचा सत्कार म्हणाल तर तो तेवढा.

मग त्यांनी प्रिंट मागितली. आमच्या प्रिंटरने पहिला कागद डांबरासारखा काढला, दुसराही. तिसऱ्या वेळी शाई संपत आली होती, म्हणून की काय, फिकट पण बरा निघाला. ओला कागद दोन्ही हातांनी धरून मीच त्यांच्याबरोबर घरी गेलो.

म्हातारी उठून बसली होती. सरांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. मला वाटतं, दाखवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तिने कागदावरून बोट फिरवलं, पांढऱ्या काठावरून आत, उताराने खाली.

"पेव हाय हे," ती म्हणाली.

टेंभुर्णीच्या घरात ज्वारी साठवायचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं. त्यात कोंदट हवा साठते. एकदम उतरलं तर माणूस गुदमरून मरतो. म्हणून आधी दिवा सोडून बघतात.

तिचं बोट तळाशी थांबलं. मान वर न करता ती म्हणाली, "आधी दिवा सोड. विझला तर उतरू नको बरं, बाळू."

दोन वर्षं ती त्यांना अहो-जाहो करत होती.

"न्हाई उतरत माय," सर म्हणाले. माझ्यासमोर ते नेहमी पुस्तकासारखी मराठी बोलायचे. त्या दिवशी टेंभुर्णीचं बोलले. म्हातारीने कागद बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, तुम्ही चहा घेता ना? मी निघून आलो.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच. मला तीन दिवसांनी कळलं, दोन गल्ल्या पलीकडं राहत असून. सर स्वतः सांगायला आले, उभ्या उभ्या. महिनाभरात घर रिकामं करून ते शहरात परतले. जाताना आम्ही एकमेकांना मोबाइल नंबर दिले, माझा त्यांनी डायरीत लिहून घेतला. फोन मात्र कधी आला नाही. मीही केला नाही. काय विचारणार, हेच सुचायचं नाही.

दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंचा आवाज होता. त्यांनी सांगितलं, मी सरांची पत्नी. सर मागच्या महिन्यात हृदयविकाराने गेले. डायरीत हा नंबर होता आणि पुढं फक्त "बदनापूर, दुपारी तीन" लिहिलेलं. कोण आहात तुम्ही?

मी सांगितलं. त्यांना समजेना. सर रोज इंटरनेटवर काय करायचे, असं त्यांनी पुन्हा विचारलं. नोकरी सोडली त्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले होते, ते सगळं संपलं, त्याबद्दल आता बोलायचं नाही. परत आल्यावरही कधी एक शब्द काढला नाही. बाईंना वाटलं, या माणसाच्या मनातून चंद्र गेला. आईपायी गेला असंही कधीकधी वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसलो. फोटोचं सांगितलं, घडीच्या कागदावरच्या आकड्याचं सांगितलं, फलाटावरच्या दोन गाड्यांचं सांगितलं. मध्ये मध्ये वाटायचं, लाइन कट झाली. मी हॅलो म्हणायचो. पलीकडून हं यायचं. तास कसा गेला कळलं नाही. मला आठवत होतं तेवढं संपलं, तेव्हा मी थांबलो.

त्या म्हणाल्या, "अजून काही आठवलं तर सांगा. मी फोन ठेवत नाही."