खुर्चीत मी नव्हते ती वीस मिनिटं

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते आहे आणि, कोणी रागावू नका, पण बऱ्याच वेळा नाक मुरडलं आहे. कोणाच्या तरी मावशीच्या दिराला पांढऱ्या साडीतली बाई दिसली... मी मनात म्हणायचे, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. आमच्याकडे दृष्टसुद्धा आई हसत हसतच काढायची. नवरा समीर ॲनेस्थेटिस्ट. लोकांना झोपवणं आणि जागं करणं हेच त्याचं काम, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. याही गोष्टीचं होतं. ते टिकलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. आणि हो, या सगळ्यात मी काही चांगली दिसत नाही, ते आधीच सांगून टाकते.

मँचेस्टर, मार्च २००६. आमच्या शहरात दर वर्षी युरोपियन सिनेमांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. ट्रॅममधून उतरलं की पाच मिनिटांवर थिएटर. त्यातला दोन नंबरचा हॉल, शनिवार, दुपारी सव्वादोनचा खेळ. म्हणजे बघा, रात्र नाही, अमावस्या नाही, बाहेर चक्क ऊन पडलं होतं.

मधुरा आणि मी पुण्यात जर्मनच्या क्लासला एका बाकावर बसायचो. पहिली कायम मी. मधुरा अभ्यास न करता यायची, चुका करायची आणि तरी सगळ्यांची लाडकी असायची. पुढे मी लग्न करून इकडे आले, आणि पाच वर्षांनी नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीबरोबर तीही इथे! तिच्या कौन्सिल टॅक्सचा फॉर्म मी भरून दिला, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला मी घेऊन गेले, कढीपत्ता कुठे ताजा मिळतो ते मी दाखवलं. दोन वर्षं तिला नोकरी मिळेना. एकदा माझ्या किचनमध्ये बसून ती रडली होती. "वैशाली, मी दिवसभर घरात पडदे लावते आणि उघडते गं," म्हणाली. मीच म्हटलं, चल, महोत्सवाला व्हॉलंटियर लागतात, दोघी जाऊ.

तिथे एक काम निघालं. एका जर्मन सिनेमाला इंग्रजी सबटायटल्स नव्हती. अशा वेळी ती वेगळी लिहून घेतात आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर लॅपटॉपमधून दाखवतात. आम्हा दोघींना दहा मिनिटांचा तुकडा भाषांतराला दिला. मी रात्रंदिवस खपून एकही शब्द न सोडता केला. मधुराने संध्याकाळी भाजी परतता परतता केला. तिथली मुख्य बाई मला गोड हसून म्हणाली, "तुझं अगदी अचूक आहे, पण वाचून होईपर्यंत पात्र खोलीतून निघून गेलेलं असेल."

काम मधुराला मिळालं. मला काय मिळालं? बटण. खेळ चालू असताना बाजूच्या टेबलाशी बसायचं, हेडफोनवर संवाद ऐकायचे आणि प्रत्येक वाक्याला स्पेसबार दाबायचा. नऊशे वाक्यं, नऊशे वेळा. नट कधी थांबतो, कधी श्वास घेतो, हे कळायला भाषा यावी लागते, म्हणून मी. 'तुझ्यासारखी काटेकोर दुसरी नाही' असं सांगून त्यांनी मला तिथे बसवलं.

खेळ नीट झाला तर मधुराला महोत्सवाच्या ऑफिसात वर्षभराची नोकरी, हे जवळजवळ ठरलेलं होतं. बिघडला तर दुसरं कोणीतरी तयारच होतं. मला हे माहीत होतं. नीट माहीत होतं.

खेळाआधी मधुराला स्टेजवर बोलावलं. मोरपंखी रंगाचा सिल्कचा कुर्ता, कपाळावर टिकली, चारशे लोकांसमोर जराही न अडखळता बोलली. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाली, "आणि ही माझी मैत्रीण वैशाली, आज बटण ही दाबणार आहे!" लोक प्रेमाने हसले, टाळ्याही वाजवल्या. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचाच जास्त संताप आला.

सिनेमा सुरू झाला. एका खेड्यातला म्हातारा बेकरीवाला, आणि त्याच्याशी अकरा वर्षं एक शब्दही न बोललेली त्याची बायको. चाळीस मिनिटांच्या आसपास म्हातारा पावाशी बोलता बोलता एक विनोद करतो. आम्हाला दिलेल्या त्या दहा मिनिटांच्या तुकड्यातलाच तो, आणि माझ्या भाषांतरात त्याच्या दोन लांबलचक ओळी झाल्या होत्या. मधुराने चार शब्दांत उडवला होता. मी बटण दाबलं, चार शब्द पट्टीवर आले आणि अख्खा हॉल खो खो हसला.

माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. चांगलं होतं हो ते भाषांतर! वाईट असतं तर मी शांत बसले असते. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठून सरळ बाहेर चालू लागले. बाथरूमला नाही, बरं वाटत नव्हतं म्हणूनही नाही. पट्टीवर ते चार शब्द अडकून पडावेत, पुढे म्हातारा काय बोलतो ते कोणालाही कळू नये आणि मोरपंखी कुर्त्यातल्या बाईचं तोंड पाहण्यासारखं व्हावं, म्हणून गेले.

बाहेर कॉफीच्या काउंटरपाशी उभी राहिले आणि मिल्टन कीन्सला राहणाऱ्या ताईला फोन लावला. सगळं ओकले.

"अगं, तू आत्ता कुठे आहेस?" ताईने विचारलं.

"बाहेर. आत तिचं चाललंय, चालू दे."

"आणि बटण कोण दाबतंय?"

"कोणी नाही."

ताई ओरडलीच, "वैशू, आत जा. वेड लागलंय का तुला? तिची नोकरी जाईल."

"जाऊ दे!"

हे मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, काउंटरवरचा माणूस बघायला लागला. पुढे पंधराएक मिनिटं मी क्लासपासूनचे सगळे हिशेब काढत बसले आणि एक कान हॉलच्या दाराकडे ठेवला. आता कोणीतरी चिडून बाहेर येईल, आता दिवे लागतील... काहीच नाही. मला वाटलं, इंग्रज लोक, दोन तास चुकीची सबटायटल्ससुद्धा मुकाट्याने बघतील.

शेवटी ताईने धमकीच दिली, मी आत्ता मधुराला फोन करते म्हणाली. तेव्हा फोन ठेवून आत गेले.

पट्टी चालू होती.

म्हातारी स्वयंपाकघरात नवऱ्याशी भांडत होती, म्हणजे अकरा वर्षांचं मौन एव्हाना सुटलेलं होतं, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला खाली बरोबर वाक्य येत होतं. तिने घेतलेल्या श्वासाला पट्टी रिकामी, तोंड उघडलं की शब्द. माझ्या टेबलापाशी कोणी नव्हतं. लॅपटॉपच्या उजेडात मला खुर्ची स्वच्छ दिसत होती, रिकामी. मी जवळ जाईपर्यंत तीन वाक्यं माझ्या डोळ्यांदेखत बदलली. कशीबशी बसले. पुढचं वाक्य मात्र आपोआप आलं नाही. म्हातारी बोलून गेली आणि पट्टी तशीच राहिली, तेव्हा मी घाबरून बटण दाबलं. तिथून शेवटपर्यंत मीच दाबलं.

खेळ संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दाराशी तिकिटं बघणाऱ्या आजी मला म्हणाल्या, "दोन तास हलली नाहीस गं पोरी, पाय आखडले असतील." मी म्हटलं, मी मध्ये बाहेर आले होते ना, तुमच्यासमोरून. त्यांनी मान हलवली. "या दारातून कोणीही बाहेर गेलं नाही."

मधुरा धावत आली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. "थॅंक यू, वैशाली. म्हातारी बोलायला लागते ना, तिथे तू काय थांबलीस गं! मी वळून तुझ्याकडे बघितलं, तर तू बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघून हसलीस. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे बघून तशी कधी हसली नव्हतीस."

म्हातारी बोलायला लागली तेव्हा मी बाहेर 'जाऊ दे' म्हणत होते.

घरी येऊन समीरला सांगितलं. तो म्हणाला, सॉफ्टवेअरने आपोआप चालवलं असेल. मी दुसऱ्या दिवशी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, कुठलं वाक्य कधी यायचं त्या वेळा त्यात घातलेल्याच नव्हत्या, बटण दाबल्याशिवाय पान हलत नाही. मग समीर म्हणाला, तू बाहेर गेलीच नाहीस, रागाच्या भरात तुला तसं वाटलं, मेंदू असे खेळ करतो. एकदम पटण्यासारखं. फक्त माझ्या फोनवर तीन वाजून सहा मिनिटांचा कॉल होता, एकवीस मिनिटांचा. ताईला मागे कॉफीच्या मशीनचा आवाजही आला होता.

"बरं, मग खुर्चीत कोणी नव्हतं," समीर म्हणाला. "मधुराला आणि त्या आजींना अंधारात भास झाला."

पुढच्या आठवड्यात मधुराच्या नवऱ्याने फोटो पाठवले. मागच्या कोपऱ्यातून तिरपा काढलेला एक होता. वर पडद्यावर म्हातारीचा चेहरा, खाली पट्टीवर तिचं पहिलं वाक्य, तिसऱ्या रांगेत मागे वळलेली मधुरा. आणि बाजूला टेबलाशी लॅपटॉपच्या उजेडात मी. दोन्ही हात टेबलावर, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावर हसू. समीरने तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. फोटोवरची वेळ माझ्या कॉलच्या मधलीच होती. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल, असं म्हणाला. मी म्हटलं, पट्टीवरचं वाक्य तर चुकीचं नाही ना? ते तर मी बाहेर असतानाच येऊन गेलं होतं. यावर तो उठून चहा करायला गेला.

ताईला फोटो पाठवला तर तिचा वेगळाच प्रश्न. "वैशू, मग माझ्याशी फोनवर कोण बोललं गं? कारण खरं सांगू, त्या दिवशी मला तुझा आवाज ओळखूच येत नव्हता."

मधुराला नोकरी लागली. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. तिचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू, पण त्याची आता सवय झाली आहे. सवय होत नाही ती त्या दुसऱ्या बाईची. माझाच चेहरा, माझीच खुर्ची, आणि मैत्रिणीचं चांगलं होताना बघून तिला इतकं सहज हसू येत होतं. मी तो फोटो बघून जेवढी जळते, तेवढी मधुरावर कधी जळले नाही. ती कोण होती, कुठून आली, याचं उत्तर तीन वर्षांनी, आज हे लिहितानाही माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा.

बटण दाबायला मधुरा दर वर्षी मलाच बोलावते. दुसरं कोणी नको म्हणते. मी जाते, एकदाही उठत नाही, एकही वाक्य चुकवत नाही. सिनेमातली चांगली जागा आली की मधुरा वळून माझ्याकडे बघते. मी हसते, अगदी मनापासून प्रयत्न करून हसते. ती क्षणभर वाट बघते आणि परत पडद्याकडे वळते.