अंजनाआत्याच्या पोटातली गाठ

कुणावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण अंजनाआत्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो आहे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सेनगावजवळच्या आमच्या गावात ती आमच्याच घरी राहते आणि शेळ्या सांभाळते. घरी कोणीही आलं की पाणी देण्याआधी ती त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहते. शेळीच्या अंगात रक्त कमी आहे का, हे ती तसंच बघते. एकदा बँकेचे साहेब आले, तर त्यांचीही पापणी ओढून तिनं शांतपणे सांगितलं, "पोटात जंत हाईत तुमच्या, साहेब." मी लाजून आत गेलो. साहेब मात्र औषध विचारत बसले.

"जित्राब दुखणं लपवत न्हाई," असं ती नेहमी म्हणते. स्वतः मात्र लपवायची. पोटात उजवीकडे गाठ हाताला लागते हे आम्हाला कळलं, तोवर आत्या वाळून निम्मी झाली होती. हिंगोलीत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की मोठ्या आतड्यात गाठ आहे, कॅन्सर वाटतो. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात काही सापडलं नव्हतं, पण थांबू नका, नांदेडला ऑपरेशन करून घ्या म्हणाले. आतड्याचा भाग काढावा लागेल, कदाचित शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागेल.

घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. पोटाला सूज आहे, असंच तिला सांगायचं ठरलं होतं. नांदेडला जाताना जीपमध्ये ती मला म्हणाली, "मला काहून फसवून राहिले रे? खाटीक दारात आला की बकरू बी वळखतं." आमचं पिशवीचं बोलणंही तिनं ऐकलं होतं. पिशवी लावून शेळ्यांमागं हिंडता येतं का, एवढंच तिनं विचारलं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मध्ये कुठलं औषध घेतलं होतं का? मी नाही म्हणालो. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. दाढ सुजली तेव्हा गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, असं तिनं सांगितलं. सगळ्या संपवल्या का, असं बाईंनी विचारलं.

"दाढंची सूज उतरली. मंग उरलेल्या शेळीला दिल्या. तिला हगवण लागली होती."

मी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "शेळीचं राहू द्या, मावशी. तुम्ही गोळ्या घेत होता, तेव्हा पोट कसं होतं?"

"हलकं झालं होतं की. ताप बी नव्हता. गोळ्या सुटल्या आन् पुन्हा धरलं."

बाईंनी मला समजावून सांगितलं. कॅन्सरची गाठ अशा जंतू मारायच्या गोळ्यांनी हलकी होत नाही. एक जंतू आपल्या तोंडात, खराब दाढांपाशी राहतो. क्वचित तो आतड्याला धरतो आणि सावकाश गाठ करतो, दिसायला अगदी कॅन्सरसारखी. नक्की सांगता येत नाही, पण कापण्याआधी बघू. मग सुईनं गाठीच्या आतला तुकडा घेतला आणि तो जंतू शोधायला लॅबला सांगितलं. रिपोर्ट यायला काही दिवस लागले. आत्यानं तेवढ्यात वॉर्डातल्या निम्म्या बायकांच्या पापण्या पाहून घेतल्या.

जंतूच निघाला.

"म्हंजे कापायचं न्हाई?" आत्यानं विचारलं.

"नाही. आधी इंजेक्शनं, मग कित्येक महिने गोळ्या. बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत."

"आन् शेळी आजारी पडली तर?"

"तिला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे हसल्या. मलाही त्या प्रवासात पहिल्यांदा हसू आलं.

गेल्या आठवड्यात नांदेडला शेवटची तपासणी होती. वडील तिला घेऊन गेले. माझा कॉलेजचा पेपर होता, म्हणून मी हिंगोलीतच राहिलो. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. डेपोत गाडीची वाट बघत होतो, तेव्हा वडिलांचा फोन आला. ते काही बोलेनात. नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांच्याकडून फोन घेऊन आत्या बोलली.

"तुहा बाप रडून राहिला, तिकडं ध्यान देऊ नको. गाठ गेली. गोळ्या बी बंद केल्या बाईनं."