अंदमानातली येळवस

मुलाच्या मोबाईलमध्ये ‘अंदमानात बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं’ होती. पहिलं ठिकाण समुद्रकिनारा. दुसरं, दुसरा समुद्रकिनारा. तिसऱ्याला तुरुंग आला तेव्हा मला जरा बरं वाटलं. तो मात्र बघण्यासारखा आहे. कोठडीत उभी राहून पाहिलं. आमची हॉटेलातली खोली तिच्याहून फार मोठी नव्हती, फक्त भाडं आपण द्यायचं.

मुलाला सुट्टी डिसेंबरअखेरीस मिळाली आणि त्यातच येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं रानात जाऊन कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजतात, आंबील करतात आणि रानाभोवती ती शिंपडतात. लग्न होऊन माकणीला आले तेव्हापासून माझी एकही चुकली नव्हती. रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलंय, पण बटईदार त्या दिवशी स्वतःच्या रानात असतो. माझं रान उपाशी राहणार होतं.

“आई, एक वर्ष न्हाय केली तर काय हुतंय?” मुलगा म्हणाला.

“एक वर्ष समुद्र न्हाय बघितला तर काय हुतंय?” मी विचारलं. तिकिटं काढलेली होती म्हणून गेले. पिशवीत ज्वारीचं पीठ मात्र बांधून घेतलं.

अमावास्येला सकाळी सुनेनं नाश्त्याच्या टेबलावरून वाटीभर दही खोलीत आणलं. चहाच्या विजेच्या किटलीत आम्ही आंबील लावली. ती उतू जाऊन टेबलावर आली.

“आत्या, हॉटेलवाले काय म्हणतील?”

“चहा नासला म्हणावं.”

दुपारी बाराला काचेच्या बुडाची होडी होती. यादीतलं पाचवं ठिकाण. होडीत बसून खाली मान घालून मासे बघायचे. मुलगा होडीच्या रांगेत उभा राहिला, तेवढ्यात मी किनाऱ्यावरचे पाच पांढरे दगड वेचले. घरी दगडांना चुना लावावा लागतो, इथं लावलेलेच मिळाले. नारळाच्या झावळ्यांची कोप केली, तिच्यावर सुनेची ओढणी घातली आणि हळद-कुंकू वाहिलं.

मागून शिट्टी वाजली. खाकी कपड्यातला पहारेकरी होता.

“माताजी, ये कोरल है. ले जाना मना है.”

सुनेनं कानात सांगितलं, ते दगड नसून समुद्रातल्या किड्यांची घरं आहेत आणि उचलली तर दंड होतो. म्हणजे मी किड्यांच्या घरांना पांडव केलं होतं.

“लेके कां जाती मैं? पूजा कर री. हमारे पांडव भी सालभर खेत में-च रहते,” मी म्हणाले.

त्यानं मुलाकडं पाहिलं. रांग सोडून आलेला मुलगा दुसरीकडं बघत होता, जणू मी शेजारच्या खोलीतली.

“पूजा हो जाए तो जहाँ से उठाया वहीं रखना,” पहारेकरी म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

मग मी रानाला घालतात तशी आरोळी देत कोपीभोवती बाटलीतून आणलेली आंबील शिंपडली. पोहायच्या कपड्यातल्या चार बायकांनी माझे फोटो काढले. त्यांच्या यादीत अकरावं ठिकाण मी झाले असणार. पहारेकऱ्याला कागदी कपात आंबील दिली. पिऊन त्यानं तोंड वाकडं केलं, पण कप रिकामा केला. पाचही पांडव त्याच्यासमोर जागच्या जागी ठेवले. तोवर होडी निघून गेली.

“मासे बघायचे ऱ्हायले की,” मुलगा म्हणाला.

“माकणीच्या धरणात हायेत. बिनकाचेचे बघू.”

तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पुढची दोन ठिकाणं त्यामुळं शांततेत बघून झाली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी रानात गेले. ज्वारी कणसात आली होती. इथून एवढ्या लांब शिंपडलेली आंबील तिला पोचली की नाही, मला ठाऊक नाही. माझी येळवस चुकली नाही, एवढं ठाऊक आहे. मुलगा आता पुढच्या वर्षी दुबई म्हणतोय. तिकिटं काढायच्या आधी त्याच्या हातात पंचांग दिलंय.