राखून ठेवलेला पंख

दातांसाठी मी आठवडाभर इंदापूरहून बारामतीला एसटीनं जात होते. शेजारी रोज तोच माणूस. पिकल्या मिशा, कारखान्याचा निळा शर्ट आणि मोबाईलवर खेळ. खेळातला गडी उड्या मारत पळायचा. वाटेत पंख सापडला की त्याला एकदाच उडता यायचं. हा मात्र पंख जपून ठेवायचा, खड्ड्यात पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

शनिवारी मी म्हटलं, "अरं मुडद्या, उड की!"

"आन् पुढं मोठा खड्डा आला तर, आजी?"

"हितंच मेलास तर पुढं कोण जाणार, तुझा बाप?"

तो उडाला. पहिल्यांदाच खड्डा पार झाला. तरी तोंड पाडून म्हणाला, "आता पंख न्हाय."

ह्याच्या बायकोची नवी साडी घडी न मोडताच विरत असणार.