क्लिफर्डचं युफोनियम

क्लिफर्ड रिग्लीच्या घरी खाकी पाकिटं उघडायची पद्धत नव्हती. पाकीट आलं की तो ते भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळामागे खोचायचा. बायको होती तोवर ती दर शनिवारी सगळी काढून वाचायची. ती गेल्यावर घड्याळ पुढे सरकत सरकत फळीच्या कडेला आलं, तरी याने एक पाकीट फोडलं नाही. महत्त्वाचं असेल तर माणूस येईल, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि माणूस आला.

झालं होतं एवढंच, की ज्येष्ठांच्या सवलतीच्या कार्डाची मुदत संपलेली असताना क्लिफर्ड आगगाडीने हडर्सफील्डला गेला आणि तपासनीसाने त्याचं नाव लिहून घेतलं. पुढची सगळी पत्रं घड्याळामागे. कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत खर्चासकट तीनशे बारा पौंड दंड केला, तेही पाकीट घड्याळामागे. मग वसुली बेलिफांच्या कंपनीकडे गेली. त्यांनी पहिल्या पत्राचे पंचाहत्तर पौंड वर चढवले. ते पत्र मी नंतर पाहिलं. घड्याळाचा एक पाय मोडका होता, त्याखाली घडी करून घातलं होतं.

बेलिफ आला तेव्हा क्लिफर्ड युफोनियमला आंघोळ घालत होता. तान्हं मूल घ्यावं तसं पोटाशी धरून वाजवायचं हे भलंमोठं पितळी वाद्य. व्हिट शुक्रवारी आमच्याकडचे बँड संध्याकाळभर गावोगाव वाजवत फिरतात. त्याच्या आधी क्लिफर्ड ते टबात कोमट पाण्यात बुडवून भांड्यांच्या साबणाने धुतो. बाह्या ओल्या आणि चष्मा न्हाणीघरात, अशा अवस्थेत त्याने दार उघडलं. समोरच्याने ओळखपत्र दाखवलं. क्लिफर्डला वाटलं, कुणी बँडचा चाहता असावा. त्याने पाहुण्याला सरळ न्हाणीघरात नेलं, मग चहा केला आणि आल्याच्या केकचा मोठा तुकडा कापला. केक संपल्यावर त्या माणसाने आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगितलं. ग्लिन त्याचं नाव. माणूस सभ्य होता, हे क्लिफर्डही कबूल करतो.

ग्लिनने घरातल्या वस्तूंची यादी करायला घेतली आणि टबाकडे बोट दाखवून हे कुणाचं म्हणून विचारलं.

"माझं," क्लिफर्ड म्हणाला. "चौतीस वर्षं झाली. वर चांदीचा मुलामा आहे. आज असं घ्यायला गेलात तर सहा हजार पडतील."

ग्लिनने सहा हजार लिहून घेतले. या भेटीचे दोनशे पस्तीस पौंड आणखी वाढले. दोन आठवड्यांत सगळं भरायचं, तोवर यादीतल्या वस्तू घरातच राहतील, पण उंबऱ्याबाहेर न्यायच्या नाहीत, असं त्या कागदात होतं. क्लिफर्डने चष्म्याशिवाय सही केली.

गुरुवारी बँडच्या तालमीला तो हात हलवत आला. कंबर धरली म्हणाला. व्हिट शुक्रवार पुढच्याच आठवड्यात होता आणि आमच्या बँडमध्ये युफोनियम वाजवणारा हा एकटाच. युफोनियम नसलं तर आमचं वाजवणं म्हणजे बिनमिठाचं सूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले, तर हा कोळशाचं पोतं खांद्यावर घेऊन अंगणात उभा.

"कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"कंबरेला काय झालंय?" म्हणाला, आणि मग त्याला आठवलं.

त्याने कागद दाखवला. दंडाबद्दल त्याची तक्रार नव्हती, चूक आपली हे त्याला मान्य होतं.

"पण विनी, चहा मी पाजला, केक मी दिला, आणि तो आला म्हणून दोनशे पस्तीस पौंड पण मीच द्यायचे?"

"पाकीट फोडलं असतंस तर तो आलाच नसता."

"झालं सिस्टरचं प्रवचन सुरू."

मी नन्सच्या शाळेत शिकले, हे तो पन्नास वर्षांत विसरलेला नाही. पैसे मी उसने देऊ केले. त्यावर, तुझे पैसे घेऊन रोज तुझं ऐकण्यापेक्षा बेलिफ परवडला, असं उत्तर मिळालं.

खरं तर युफोनियम बँडचं. बँडची नोंदवही माझ्याकडे असते. चौतीस वर्षांपूर्वीच्या पानावर ते 'सांभाळायला मिळालं' असं लिहून खाली क्लिफर्डने सही केलेली आहे. मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे समजावलं. भेट झाली म्हणजे भेटीचे पैसे लागणारच, पण आठवड्याला वीस पौंडांचा हप्ता चालेल. वाद्य यादीतून काढायचं तर नोंदवहीची प्रत हवी, आणि ते आपलं नाही असं क्लिफर्डच्या हातचं लिहून हवं.

हप्त्याला तो कुरकुरत तयार झाला. लिहायला मात्र तयार होईना. मी खोटं बोललो नाही म्हणाला. खोटं बोललास असं कुणी म्हणत नाही, मी म्हणाले.

"मग काय लिहू? माझं नाही म्हणून?"

मी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि घरी आले.

चार दिवस तो कागद तसाच पडून राहिला. तालमीत त्याची जागा मोकळी ठेवून आम्ही वाजवलं, आणि कसं वाजलं ते लिहिण्यासारखं नाही. बुधवारी सकाळी तो माझ्या दारात उभा होता, नाकावर चष्मा लावून. कागदावर लिहिलं होतं: 'हे वाद्य बँडचं आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा मी माझं म्हणालो, कारण मला तसं म्हणायची सवय लागली आहे.'

"शुद्धलेखन तपास," एवढंच म्हणाला. चूक एकही नव्हती.

गुरुवारी दुपारी कंपनीचं उत्तर आलं. युफोनियम यादीतून काढलं होतं. सोफा, टीव्ही आणि ते घड्याळ अजून यादीत आहेत. पाकिटं आता दर शनिवारी माझ्या टेबलावर येतात, आणि ती मीच फोडावी अशी त्याची अपेक्षा असते.

शुक्रवारी संध्याकाळी डेल्फ गावात, बँडच्या रांगेत आमची पाळी यायची होती, तेव्हा बाबागाडी घेऊन उभी असलेली एक बाई क्लिफर्डला म्हणाली, किती चमकतंय, तुमचंच का?

क्लिफर्डने तोंड उघडलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिला विचारा," तो म्हणाला. "तिच्याकडे सगळं लिहिलेलं आहे."