बोटीवरचे बूट

नातवाने नवे बूट आणलेत. पांढरा तळ, कडेने ओवलेली चामड्याची वादी. एक उलटा करून पाहिला, तर तळाला त्याच बारीक नागमोडी चिरा.

पन्नास सालाच्या आसपास असेच बूट मामाने मला आणले होते. तो आगबोटीवर खलाशी. बर्फावर न घसरणाऱ्या कुत्र्याच्या पंजावरून कुणा गोऱ्याला या चिरा सुचल्या म्हणे. ओल्या डेकवर पाय हलत नाही. माझंही बोटीवर काम ठरलं होतं. मुंबईला न्यायला मामा वसईच्या खाडीत मचव्यावर थांबला होता. मचव्यापर्यंत चिखलातून जाताना सगळे चपला हातात घेतात. मी बूट घालूनच उतरलो.

मध्येच गुडघ्यापर्यंत रुतलो. गार चिखलाने पोटऱ्या धरून ठेवल्या. पाय जितका ओढावा तितकी भिजलेली वादी आवळायची. पाणी उतरत होतं. मचवा आणखी थांबता तर गाळात टेकला असता.

"बूट राहू दे, पाय काढ," मामा ओरडत होता.

पाय निघेना. मचवा गेला, आणि त्याच्याबरोबर बोटीवरचं कामही.

मग काठावरून फळी टाकत बाबा आले. मी जाऊ नये असंच त्यांना वाटत होतं. सुरीने वाद्या कापताना एवढंच म्हणाले, "चल, केळींना पाणी द्यायचंय."

नंतर त्यांनीच बूट उकरून आणले, धुतले, सुतळी ओवून मला दिले. वाडीच्या ओल्या बांधावर मी ते कितीतरी वर्षं वापरले. पाय एकदाही घसरला नाही.